उलट्या दाराची फियाट

खोपोलीच्या शिळफाट्याच्या बाजारात टायरवाल्यांची रांग संपते तिथं एक पत्र्याची शेड आहे. तिला पाटी नाही. पाटीची गरज कधी पडलीच नाही, कारण शेडसमोर कायम कुठल्यातरी टेंपोची सीट पोट वर करून पडलेली असते आणि आतून शिलाई मशीनचा जड, ठेक्यातला आवाज येत असतो. त्या मशीनवर गेली तीस वर्षं शकू बसते. तिचा नवरा विठू लोकांना सांगतो, ‘खोपोलीपासून कर्जतपर्यंत जेवढी माणसं गाडीत बसतात ना, त्यातली निम्मी आमच्या हिच्या टाक्यांवर बसत्यात. त्यांना म्हायती नाय, एवढंच.’

शकूचं माहेर कर्जतकडच्या कोंडाण्याचं आणि सासर पळसदरीचं. विठू रेल्वेत गँगमन होता, उन्हापावसात रूळ तपासत मैलोगणती चालायचा. लग्नानंतर शकूनं कर्जतला शिवणाचा क्लास केला आणि घरी ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवायला घेतले. तिचा जन्म त्यातच गेला असता. पण एक दिवस विटा वाहणारा एक टेंपोवाला फाटकी सीट खांद्यावर टाकून दारात उभा राहिला.

‘वयनी, एवढं शिवून द्या. बुडाला स्प्रिंग टोचतीय.’

शकूनं रेक्झिन मशीनवर घेतलं आणि एकापाठोपाठ एक तीन सुया मोडल्या. चौथी मोडायच्या आधी ती उठली. पोती शिवायची दाभण शोधून काढली आणि सबंध दुपार बसून तिनं ती सीट हातानं शिवली. टाके असे एकसारखे पडले, जणू पट्टी धरून मारलेत.

ती सीट शिळफाट्याला लडकूमामाच्या नजरेस पडली. त्या काळी गाड्यांच्या सीटा शिवणारा खोपोलीत तोच एक. हे काम कुणाचं म्हणून त्यानं टेंपोवाल्याला विचारलं. एका बाईचं आहे यावर त्याचा विश्वास बसेना. एसटी पकडून तो पळसदरीला आला, शकूचे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाला, ‘उद्यापासून ये.’

गावात कुजबुज झालीच. ट्रकवाल्यांच्या घोळक्यात बाईमाणूस बसणार म्हणजे काय! विठूला पारावर चारचौघांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, ‘मी रुळावर चालतो तवा मला कोन इच्यारतं? तिचं काम, ती बगंल.’ विषय तिथंच मिटला. शकू अकरा वर्षं लडकूमामाच्या हाताखाली शिकली. पुढं मामाची नजर गेली. तो मशीन आणि शेड तिच्या हवाली करून लेकीकडं राहायला गेला आणि तिथंच वारला.

गाड्या पुढंमागं कराव्या लागत म्हणून चाळिसाव्या वर्षी तिनं लायसन काढलं. टेंपो, जीप, ट्रॅक्टर, सगळं तिनं चालवलंय. पण शेडपासून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून शेडपर्यंत. तिच्या स्वतःच्या दारात सायकलीपलीकडं कधी काही लागलं नव्हतं.

आता विठू रिटायर झाला होता आणि आयुष्यभर तुडवलेल्या खडीनं त्याच्या गुडघ्यांवर सूड उगवला होता. त्यांची एकुलती लेक हर्षला पुण्याला नोकरी करायची. तिनंच नाद लावला, की आईबाबांनी एक छोटी गाडी घ्यावी, एसीची, आपोआप गिअर पडणारी. शकूचीही ना नव्हती. मागच्या वर्षी जानेवारीत एका रविवारी तिघांनी शोरूमला जायचंही ठरलं.

त्या रविवारच्या आठ दिवस आधी शकूला पळसदरीच्या धरणाजवळच्या एका बंगल्यावर बोलावणं आलं. बंगला मुंबईच्या एका डॉक्टरांचा. डॉक्टर जाऊन काही वर्षं झाली होती आणि त्यांची मुलगी समिधा आता बंगला नीट करून घेत होती. झोपाळ्याची गादी आणि व्हरांड्यातल्या बैठकी शिवायच्या होत्या. शकूनं टेपानं मापं घेतली, वहीत लिहिली. मग समिधा म्हणाली, ‘शकूताई, मागच्या पडवीत एक जुना बाक आहे. त्याची गादी काही कामाची आहे का, जरा बघाल?’

बाकाची गादी उंदरांनी संपवली होती. पण बाकामागं ताडपत्रीखाली काहीतरी गोल, बुटकं, मोठं उभं होतं. शकूनं ताडपत्रीचं टोक उचललं.

‘डुक्कर फियाट!’ ती एकदम म्हणाली.

‘अरे वा, तुम्हाला नाव माहितीये,’ समिधा हसली.

फुगीर नाक, गोल पाठ आणि बारीक डोळ्यांसारखे दिवे, म्हणून जुन्या माणसांनी लाडानं तिला ते नाव दिलं होतं. सत्तावन्न सालची गाडी. मूळचा करडा रंग जागोजागी सुटलेला. चारही चाकं हवा जाऊन जमिनीत बसलेली. पुढच्या काचेला कोळ्यानं पडदा लावलेला.

‘बाबांची. पस्तीसेक वर्षांपूर्वी इथं आणून लावली ती लावलीच. सोमवारी भंगारवाला येणारे. मला इथं माझी गाडी लावायचीय.’

‘आठवणी असतील की तुमच्या.’

‘एकच. मला ह्या गाडीत दरवेळी उलटी व्हायची. पनवेल मागं पडलं की सुरू. बाबांनी माझ्यासाठी वेगळा डबा ठेवला होता.’

शकूनं पुढचं दार उघडलं. ते उलटं उघडलं. आजकालच्या गाड्यांची दारं पुढून धरलेली आणि मागून उघडणारी असतात. हिच्या पुढच्या दाराच्या बिजागऱ्या मागच्या अंगाला होत्या. आतून उंदरांचा आणि जुन्या ऑइलचा वास आला. पायाखाली तळ नव्हताच म्हणा ना. जिथं पाय ठेवायचा तिथून गवताची दोन पाती वर आली होती. शकू वाकून मागच्या सीटपर्यंत पोचली. रेक्झिन फाटलेलं होतं. सवयीनं तिनं त्या फटीतून हात आत घातला.

आणि हात तिथंच थांबला.

आत काथ्या होता, त्याखाली स्प्रिंगा. प्रत्येक स्प्रिंग सुतळीनं शेजारच्या स्प्रिंगांना बांधलेली, आठ बाजूंनी. एक दबली की आजूबाजूच्या थोडंथोडं वजन उचलून घेणार. असं काम असतं हे लडकूमामा सांगायचा, पण फोम आल्यापासून ते कुणी करत नव्हतं, आणि शकूनं ते डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. हे कारखान्याचंही वाटेना. मधे केव्हातरी कुण्या कारागिरानं सीट उसवून मनासारखी बांधलेली दिसत होती. तिनं कडेच्या गोटावरून बोट फिरवलं. दोरा कुठं सुरू झाला आणि कुठं संपला ते तिला शोधूनही सापडेना. तीस वर्षं हेच काम केलेल्या बाईला सापडेना!

‘कुनी शिवलीय ही सीट?’

‘कुणास ठाऊक. का हो?’

शकू बाहेर आली. हाताला लागलेला भुसा झटकत ती म्हणाली, ‘सोमवारी नका देऊ. मला आठ दिवस द्या.’

‘तुम्ही घेणार?’

‘बगते,’ शकू म्हणाली, आणि आपण हे काय बोललो म्हणून तिची तीच दचकली.

घरी विठू ओट्यावर बसून गुडघ्यांना तेल चोळत होता. शकूनं सगळं सांगितलं. मग त्यानं विचारलं, ‘चालू हाय?’

‘नाय.’

‘तळ?’

‘तळातून गवत आलंय.’

‘मंग घेऊन करायचं काय?’

शकूनं वाटेत उत्तर जुळवून ठेवलं होतं. ‘लग्नात भाड्यानं देता येईल. हौसेनं नेतात लोक.’

‘नवरी तळातून खाली पडंल.’

‘नीट केल्यावर म्हनते मी. कर्जतला शूटिंगवाले येतात, त्यांना जुन्या गाड्या लागतात.’

‘शके,’ विठू तेलाची वाटी बाजूला ठेवत म्हणाला, ‘लोक म्हातारपणी दुखनी बरी करत्यात. तू इकत घ्यायला निगालीस.’

शकूला हसू आलं आणि रागही आला. तिचं तिलाही कळत होतं, की लग्न न् शूटिंग ही सगळी दाखवायची कारणं. खरं कारण काय ते तिला सांगता येईना. मग तिनं निदान गाडीची तब्येत तरी कळावी म्हणून पोशाला बोलावलं.

पोशा कोंडाण्याच्या वरच्या ठाकरवाडीतला. तरुणपणी मुंबईत टॅक्सींच्या गॅरेजमध्ये बारा वर्षं काढून परत आलेला, आणि आता खोपोलीत वेल्डिंगचं काम करणारा. जुन्या फियाटचं पोट त्याच्याइतकं कुणी पाहिलेलं नव्हतं. बुधवारी तो पडवीत आला, अंगातला सदरा काढून खुंटीला लावला आणि हातोडी घेऊन सरळ गाडीखाली शिरला. तो खालून ठोकत चालला. जिथं ‘ठण्ण’ वाजे तिथं पुढं सरके, जिथं ‘भद्द’ वाजे तिथं खडूनं फुली मारी. अर्ध्या तासानं तो बाहेर आला तेव्हा निम्मी गाडी फुल्यांनी भरली होती.

‘तळ गेला. डिकीचा पत्रा गेला. मागचं एक मडगार्ड नुसतं रंगावर उबं हाय,’ तो म्हणाला. मग हातोडी खाली ठेवत, ‘पर खालच्या दोन्ही लांब पट्ट्या ठण्ण वाजत्यात, वयनी. कणा जिता हाय.’

‘आनि इंजिन?’

पोशानं बॉनेट उघडलं. बॅटरीच्या जागी सापाची कात पडली होती. ती त्यानं अलगद उचलून कुंपणाबाहेर टाकली. पान्यानं इंजिन फिरवून पाहिलं, ते तसूभर हललं नाही. त्यानं चारी प्लग काढले, त्या भोकांतून ऑइल ओतलं आणि वर कापडाचे बोळे बसवले.

‘मुरू दे. ऐतवारी बगू. फिरलं तर फिरलं.’

‘तुजं मत काय, पोशा? घ्यावी का?’

‘माजं मत नका इच्यारू. मोडकं बगितलं की मला हुरूप येतो. सासऱ्याचं घड्याळ बी मीच खोललं हुतं.’

‘मंग, चाललं का?’

‘नाय.’

गुरुवारी योगेंद्र शेडवर आला. पस्तिशीतला, हायवेवर नवं हॉटेल काढत असलेला. त्याच्या हॉटेलचे चाळीस सोफे शकूच शिवत होती, आणि गिऱ्हाईक म्हणून तो भला होता. रेक्झिनचा रंग पसंत करून झाल्यावर तो म्हणाला, ‘ताई, पळसदरीच्या बंगल्यात एक फियाट हाय म्हणं. समिधाताईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, शकूताई बगताहेत.’

‘हां. बगतीय.’

‘मला पायजे होती. पुढचा अर्धा भाग कापायचा आणि भिंतीत बसवायचा. भिंत फोडून गाडी आत आल्यासारखी दिसंल. दिवे लावायचे. लोक फोटो काढतील.’

‘कापायची?’

योगेंद्रनं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. पण तो खोटं बोलणारा नव्हता. ‘राग मानू नका, ताई. मी घेतली तर निदान रोज पाचशे माणसं तिला बगतील. तुमी घेतली आनि जमलं नाय, तर तिकडच्या पडवीतली इकडच्या शेडात येईल. सडायची ती सडंलच.’

तो गेला. शकूनं मशीन सुरू केलं, पण त्या दुपारी तिनं एका सोफ्याचा गोट उलट्या बाजूनं शिवला आणि सगळा उसवावा लागला. योगेंद्रच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती, हेच तिला टोचत होतं.

रविवारी सकाळी हर्षला पुण्याहून तिच्या गाडीनं आली. शोरूमची वेळ अकराची होती. विठू गाडीत बसायला लागला. आधी मान खाली घातली, मग एक पाय आत टाकला, मग दुसरा पाय हातानं धरून आत ओढला, आणि ‘आई गं’ म्हणत सीटवर आदळला. हर्षलानं तोंड फिरवलं. तिला ते बघवत नसे.

‘पाच मिनिटं बंगल्यावरून जाऊ,’ शकू म्हणाली. ‘पोशा थांबलाय.’

पोशा खरंच पान्यासकट थांबला होता. त्यानं बोळे काढले. प्लगच्या भोकांत डोकावून पाहिलं. मग पाना बसवून दोन्ही हातांनी जोर लावला. काही झालं नाही. त्यानं पाय रोवून पुन्हा जोर लावला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. समिधाही हातातला कप घेऊन पायरीवर येऊन उभी राहिली.

‘राहू दे रं,’ विठू म्हणाला. ‘हात तुटंल.’

तेवढ्यात आत कुठंतरी ‘चर्र’ असा आवाज आला, आणि पाना अंगठ्याएवढा सरकला. पोशानं श्वास घेतला आणि पुन्हा ओढला. पाना हातभर फिरला. प्लगच्या भोकांतून काळं ऑइल उसळून त्याच्या तोंडावर आलं आणि त्यातून त्याचे पांढरे दात दिसले.

‘सुटलं! वयनी, सुटलं!’

शकूनं दोन्ही हात तोंडावर धरले. हर्षला पुढं होऊन वाकून पाहायला लागली. सगळ्यांचं लक्ष इंजिनाकडं होतं, म्हणून विठू केव्हा हलला ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. उभं राहून त्याचे गुडघे बोलायला लागले होते. जवळ टेकायला दुसरं काही नव्हतं. गाडीचं उलटं दार सताड उघडं होतं. विठू दाराकडं पाठ करून उभा राहिला आणि ओट्यावर टेकावं तसा सीटवर टेकला. मग दोन्ही पाय उचलून आतल्या शाबूत पट्टीवर घेतले. बस्स. मान वाकवावी लागली नाही, पाय ओढावा लागला नाही.

जरा वेळानं शकूनं मागं पाहिलं तर नवरा गाडीत ऐसपैस बसलेला.

‘आवो, तुमी आत कसं गेलात?’

‘गेलो असाच,’ विठू म्हणाला. आणि मग त्याचं त्यालाच नवल वाटलं. तो बाहेर आला, पुन्हा पाठमोरा झाला, पुन्हा बसला. ‘हर्षला, हे बग. दुकलंच नाय.’

तिसऱ्यांदा बसून झाल्यावर तो उठायला तयार होईना.

हर्षला आईजवळ आली. ‘आई, बाबांचं सोड. तू मला खरं सांग. इतक्या खटाटोपात चांगली नवी गाडी दारात येतीय. ही कशाला पाहिजे? कामाची आहे का?’

लग्नं, शूटिंग, सगळं शकूच्या तोंडाशी आलं आणि तिनं ते गिळलं.

‘कामाची नाय,’ ती म्हणाली. ‘तीस वर्षं लोकांच्या गाड्या माझ्याकडं फाटक्या येतात, नीट होतात आनि जातात. गेली ती गेलीच, कुनाच्या अंगनात उबी ऱ्हाते मला ठाव पन नसतं. एक अशी पायजे गं, की नीट झाल्यावर माझ्या दारात ऱ्हाईल. आनि त्या मागच्या सीटचं काम मला कळलेलं नाय. ते मला कळून घ्यायचंय.’

‘आणि बाबांना दवाखान्यात न्यायचं झालं तर?’

‘रिक्षानं,’ विठूनं गाडीतूनच उत्तर दिलं. ‘आजपत्तुर कशानं जातो?’

हर्षलाला ते पटलं असं नाही. पण तिनं फोन काढला आणि शोरूमच्या माणसाला सांगितलं, की आज जमणार नाही. मग ती बराच वेळ बंगल्याच्या आवारात एकटीच फिरत होती.

शकू समिधाकडं गेली. ‘ताई, घेते मी. पन एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. चालू झाली तर हिला लई मागणी हाय. मागनं म्हनू नका, शिवणवाल्या बाईनं फसवलं.’

‘भंगारवाला देणार होता तेवढेच द्या,’ समिधा म्हणाली. ‘आणि चालू झाली तर एकच करा. मला तिच्यात बसवू नका.’

संध्याकाळी शकूनं योगेंद्रला आपणहून फोन केला. ‘गाडी मी घेतली. तू म्हनालास ते खरं हाय. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्याच्या आत माझ्या हातून चालली नाय, तर तुज्या भिंतीत घाल. मी सोता आनून देईन.’ योगेंद्र हसला नाही. ‘चालंल, ताई,’ एवढंच म्हणाला.

गाडी ट्रॅक्टरला बांधून शिळफाट्याला आली तेव्हा अख्खा बाजार बघायला लोटला. शेडच्या बाजूला पत्र्याचा आडोसा करून ती तिथं लावली. पोशा दर मंगळवारी यायचा. त्यानं घातलेला पहिला तळ तिरका बसला. तो त्यानं कुणी सांगायच्या आत कापून काढला आणि दुसरा घातला. पावसाळ्यात चार महिने काम बंदच पडलं. पेट्रोलची टाकी दोनदा गळली. कागदपत्रांसाठी शकूनं पनवेलच्या आरटीओत एवढ्या चकरा मारल्या, की तिथला चहावाला तिला विचारायचा, ‘मावशी, आज कमी साखर ना?’ तीन चाकांवर मधोमध बसणाऱ्या चकचकीत वाट्या मुंबईच्या जुन्या बाजारात मिळाल्या, चौथी मिळाली नाही. तिथं दुसऱ्याच गाडीची वाटी ठोकून बसवली आणि ती आजही तशीच आहे. हर्षला महिनोन्‌महिने गाडीचं नावही काढत नव्हती. मग एक दिवस पुण्याहून पार्सल आलं. आत पुढच्या दिव्यांचे दोन बल्ब, सोबत चिठ्ठी नाही.

मागची सीट शकूनं शेवटी घेतली. जुनी बांधणी उसवताना तिनं एकेका गाठीचा फोटो काढून ठेवला होता. तरी पहिल्यांदा बांधली तेव्हा मधोमध उंटासारखा उंचवटा आला. उसवली. दुसऱ्यांदा एका अंगाला कलली. पुन्हा उसवली. तिसऱ्यांदा ती जुन्या सुतळीचे तुकडे हातात घेऊन नुसती बसून राहिली, आणि पाहता पाहता तिच्या लक्षात आलं, की सगळे तुकडे स्प्रिंगांच्या मानानं आखूड आहेत. म्हणजे त्या कारागिरानं स्प्रिंगा मोकळ्या असताना बांधल्याच नव्हत्या. आधी सगळ्या एकसारख्या दाबून धरल्या होत्या, मग गाठी मारल्या होत्या.

‘आवो, इकडं या,’ तिनं हाक मारली. स्प्रिंगांवर फळी टाकली आणि फळीवर विठूला बसवलं. दोन दिवस विठू सकाळ-संध्याकाळ त्या फळीवर पेपर वाचत बसला आणि शकू खालून गाठी मारत राहिली. येणारेजाणारे ट्रकवाले विचारायचे, ‘काका, हे काय चाललंय?’ विठू पेपरातून मान वर न करता सांगायचा, ‘ड्यूटी.’

या वेळी सीट सपाट, एकजीव आली. शकूनं तळव्यानं दाबून पाहिली, मग कोपरानं, मग स्वतः बसली. ती कितीतरी वेळ उठली नाही. गोटाचा शेवटचा दोरा मात्र तिला पुरता लपवता आला नाही. डाव्या कोपऱ्यात खालच्या अंगाला एक टाका जरासा दिसतो. कुणाला दाखवल्याशिवाय कळत नाही, पण ती दाखवते.

यंदाच्या मे महिन्यात गाडी चालू झाली. पहिल्या दिवशी ती शेडसमोर खोकली, धुराचा लोट सोडला आणि बंद पडली. दुसऱ्या दिवशी धरून राहिली. शकूनं स्टिअरिंगजवळचा गिअर टाकला आणि गाडी रस्त्यापर्यंत नेली. तिथं सवयीनं तिचा पाय ब्रेकवर गेला. ‘आता कशाला थांबतीयेस?’ शेजारी बसलेला विठू म्हणाला. ती हसली आणि तिनं गाडी रस्त्याला घातली. योगेंद्रच्या हॉटेलसमोरून जाताना तिनं भोंगा वाजवला. तो गल्ला सोडून बाहेर धावत आला आणि दोन्ही हात वर करून नाचला. त्याच्या भिंतीत आता एका जुन्या रिक्षाचं तोंड बसलं आहे.

समिधा गाडी बघायला आली, भोवती दोन फेऱ्या मारल्या, काचेवरून हात फिरवला आणि स्वतःचाच शब्द पाळून आत बसली नाही. पोशाची बायको मंगळी मात्र कोंडाण्याहून उतरताना हक्कानं मागच्या सीटवर बसते, मांडीवर कोंबडीची पाटी घेऊन. ‘एसटीपरीस बरी हाय,’ असं तिचं मत आहे.

गाडीचं सगळंच काही छान आहे असं नाही. चढावर ती तापते. परवाच्या रविवारी दोघं कर्जतहून येत होती. विठूच्या गुडघ्यांची तपासणी झाली होती; डॉक्टरनं नवं काही सांगितलं नव्हतं. चढाच्या मधे काटा लाल रेघेला टेकला, तशी शकूनं गाडी एका करंजाच्या सावलीत घेतली, बॉनेट उघडलं आणि दगडावर बसून पदरानं वारा घेत राहिली. विठू गाडीतच बसून होता, दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून, शेंगा फोडत. समोर डोंगराच्या अंगावरून ढगांची सावली हळूहळू सरकत होती.

एक मोटारसायकलवाला थांबला. ‘काका, बंद पडली का? काय मदत?’

‘पाणी हाय का थंड?’ विठूनं विचारलं.

‘आहे की. गाडीत ओतायला?’

‘छे. तिचं हाय डिकीत. मला प्यायला पायजे.’

पोरगा हसत बाटली काढायला वळला. शकूनं विठूच्या हातातल्या शेंगांतल्या मूठभर उचलल्या आणि एकेक सोलून खात बसली. इंजिन निवायला अजून दहा मिनिटं होती, आणि घरी पोचायची कुणालाच घाई नव्हती.